तिसऱ्या साक्षीदाराची नकल

मी गणपत. सुरतेच्या लिंबायतमध्ये माझी बावीस वर्षं गेली, त्यातली सोळा लूमच्या खात्यात जॉबर म्हणून. कारखान्याला इथे खातंच म्हणतात. लूम अडलं की मला हाक मारायची आणि मी चार शिव्या घालून ते चालू करून द्यायचं, असा आमचा शिरस्ता होता. मला गुजराती लिहिता-वाचता येतं. वस्तीतल्या आमच्या खान्देशी जुन्या माणसांत ते दुसऱ्या कुणाला येत नाही, त्यामुळे लाइटबिलापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळे कागद माझ्या दारात येतात. तिथेही मी शिव्या घालतो आणि वाचून देतो. लोक म्हणतात, गणपत तोंडाचा फाटका, पण माणूस खरा. मी किती खरा आहे ते आता ऐका.

१९९७ सालची गोष्ट. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सतरा-अठरा दिवस होते. आमच्या खान्देशात अखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात, सांजोऱ्या ठेवतात. सुरतेत येऊन आमच्या पोरांची भाषा बदलली, पण घागर कुणी सोडली नाही. त्या दिवशी सकाळी मालतीवहिनी दारात येऊन उभी राहिली. ही माझ्या चुलतभावाची विधवा, गल्लीत माझ्यापासून चौथं घर. तिचा एकुलता एक मुलगा सुपडू दीड वर्षापूर्वी सुरतेजवळ पलसाण्याला काविळीने गेला होता. मागच्या अखाजीला तिने त्याची घागर भरली नव्हती. का भरली नव्हती ते सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि कुणी तिला नावं ठेवली नव्हती.

"भाऊजी, माले कोर्टमा जानं शे," ती म्हणाली. "मना पोऱ्या कोर्टमा काय बोल्ना, ते माले आयकनं शे."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मागचं सांगायला हवं. ९१ साली आमच्या खात्यात विठ्ठल नावाचा कारागीर शॉक लागून मेला. त्याच्या लूमजवळच्या लोखंडी पाइपात करंट उतरत होता. तो नको म्हणत असताना शेठने ‘चालव, नाहीतर घरी जा’ म्हणून त्याला उभं केलं आणि अर्ध्या तासात तो गेला. पोलिसांनी शेठवर केस केली. शेठ म्हणाला, पाइपात करंट येतोय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळी केस येऊन या एका गोष्टीवर अडली, शेठला सांगितलं होतं की नव्हतं. सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं, एका आठवड्यात तीनदा, आणि तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा शेजारच्या लूमवर सुपडू होता. म्हणून आम्ही दोघं साक्षीदार.

केस उभी राहायला अडीच वर्षं गेली. ९४ च्या जानेवारीत आम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावणं आलं. सुपडू तेव्हा बावीस वर्षांचा. एकाची साक्ष चालू असताना दुसऱ्याने आत बसायचं नाही असा कोर्टाचा नियम. आधी त्याला पुकारलं, तो आत गेला, मी बाहेर. व्हरांड्यात बसवेना म्हणून मी टपरीवर गेलो, एकामागून एक तीन चहा प्यालो. परत आलो तेव्हा शेठचा वकील पोराची उलटतपासणी घेत होता. साक्षीदाराचा पिंजरा खिडकीला लागून होता. वकील पाठमोरा, त्याचं बोलणं पंख्याच्या घरघरीत विरून जायचं. पोराचं मात्र ऐकू यायचं. तो म्हणाला, "ए वात खरी नथी." थोडं थांबून पुन्हा, "ना साहेब, ए वात खरी नथी." सात-आठ वेळा तेच. ही गोष्ट खरी नाही, ही गोष्ट खरी नाही.

मी काय समजायचं ते समजलो. पोरगा फिरला.

मग माझं नाव पुकारलं. आदल्या आठवड्यात शेठचा माणूस माझ्या घरी येऊन बसला होता. त्याने धमकी दिली नाही, लालूच दाखवली नाही. माझी मुलगी वर्षा लग्नाची झाली आहे, अशा वेळी घरातल्या माणसाची नोकरी शाबूत असलेली बरी, एवढंच बोलला. मी पिंजऱ्यात उभा राहिलो. मनात म्हटलं, ज्याच्यावर भिस्त तो पोरगाच फिरला, आता मी एकट्याने बोंबलून काय होणार? आणि म्हणालो, मला काही ठाऊक नाही, मी शेठला पाइपाचं काही सांगितलं नव्हतं. सरकारी वकिलाने कपाळाला हात लावला. पाच मिनिटांत मी बाहेर.

सुपडू तोवर पाळी गाठायला निघून गेला होता. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी मारुतीच्या ओट्यावर लोक जमले आणि मला विचारू लागले. मी सांगितलं, "पोरगा फिरला. माझ्या या कानांनी ऐकलं." कुणीतरी विचारलं, "आणि तुझं रे?" मी म्हणालो, "माझी पाळीच नाही आली. त्यानेच सगळं बुडवलं." पुढच्या महिन्यात शेठ निर्दोष सुटला, तेव्हा माझ्या बोलण्यावर शिक्काच बसला.

विठ्ठल मालतीवहिनीच्या माहेरगावचा. त्याची बायको रंजना दोन लेकरं घेऊन वहिनीच्या भिंतीला भिंत लावून राहायची. कोर्टात आपण खरंच सांगितलं असं सुपडू आईला म्हणाला होता, "माय, मी खरं सांगं." वहिनीने त्याला एवढंच विचारलं, "मंग गनपतभाऊजी खोटं बोलतीन का?" त्यानंतर ती त्याच्या पुढ्यात ताट ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. आठव्या दिवशी त्याने पिशवी भरली आणि पलसाण्याच्या एका डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कामाला लागला. तिथल्याच खोलीत राहिला. अखाजीला आला, दारात उभा राहिला. ती आतून बाहेर आली नाही. मी माझ्या ओसरीतून पाहत होतो. पोरगा बराच वेळ उभा होता, मग उंबऱ्यावर खरबूज ठेवून गेला.

त्याच साली सप्टेंबरात प्लेगची हूल उठली आणि सगळी सुरत स्टेशनकडे धावली. वहिनी रंजनाबरोबर गावी निघून गेली. मी घर राखायला मागे थांबलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सुपडू तोंडाला रुमाल बांधून आला, आईच्या दाराला कुलूप पाहिलं आणि माझ्याकडे वळला. "काका, माय बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे, गावी गेली. तो जायला निघाला आणि मग थांबला. "काका, तुमची साक्ष झाली होती का हो त्या दिवशी?" मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाही रे. माझी पाळीच नाही आली." त्याने मान हलवली. त्याला ते खरं वाटलं. त्यानंतर मी त्याला पाहिलं ते पलसाण्याला, चादरीत गुंडाळलेला.

तर आता वहिनी दारात उभी होती. आदल्या दिवशी भाजीबाजारात तिला लखन भेटला होता, पलसाण्याला सुपडूच्या खोलीत राहणारा. तो सांगून गेला की तापात सुपडू एकच बडबडत होता, माय, मी खरं सांगं.

"मरताना मानूस खोटं बोलस का, भाऊजी?" वहिनीने विचारलं. "तो खरं बोल्ना व्हई ते मी घागर भरसू. नही ते नही. पन माले समजाले पाहिजे."

नाही म्हणता आलं असतं. डोळे अधू झालेत म्हणायचं, कोर्ट बंद आहे म्हणायचं. पण मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर माझी अजून खात्री होती की पोरगा फिरलाच होता. म्हणजे तशी खात्री मी तीन वर्षं सांभाळून ठेवली होती. म्हटलं, एकदा कागद समोर आला की हिचंही समाधान होईल आणि माझंही. आणि साक्षीच्या कागदात फक्त त्याचं बोलणं असणार, माझं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यातून, चालत पलीकडे जाऊन रिक्षा धरली आणि अठवा लाइन्सला कोर्टापाशी उतरलो. निकाल लागलेल्या केसचे कागद जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जातात आणि तिथून त्यांची नकल, म्हणजे शिक्क्याची प्रत, मिळते, अर्ज नकलखात्याच्या खिडकीवर द्यायचा असतो. खिडकीवरचा कारकून म्हातारा होता, निवृत्तीला टेकलेला. त्याने वर न बघता विचारलं, "केस नंबर?"

नंबर आम्हाला ठाऊक नव्हता. मी सांगितलं, विठ्ठलची केस, शॉक लागून मेला तो.

"भाई, मेलेल्याच्या नावावर केस नसते," तो हिंदीत म्हणाला. "केस असते सरकार विरुद्ध आरोपी. आरोपीचं नाव बोला."

मी सोळा वर्षं ज्याचं खाल्लं त्याला शेठ म्हणत होतो. आडनाव माहीत होतं, पूर्ण नाव नाही. कारकुनाने बिचाऱ्याने त्या सालाचं रजिस्टर काढलं. त्या आडनावाची दीड पानं भरली होती. वहिनीला हे काही उमगेना. ती मला विचारत राहिली, ज्याचा जीव गेला त्याचं नाव वहीत कसं नाही? मी तिच्यावर खेकसलो. तिच्यावर खेकसायचं काही कारण नव्हतं.

"साक्षीदाराला समन्स गेलं असेल, त्यावर नंबर असतो," कारकून म्हणाला. "शोधून आणा. आणि लवकर या. आठ तारखेनंतर उन्हाळ्याची सुट्टी. शिवाय निकालाचा कागद राहतो, पण जुबानीचे कागद काही वर्षांनी नष्ट करतात. अजून पाळी आली नसेल, पण मी शब्द देत नाही."

माझं समन्स मी त्याच साली चुलीत घातलं होतं. सुपडूचं असलंच तर त्याच्या पिशवीत. ती पिशवी लखनने दीड वर्षापूर्वी आणून दिली होती आणि वहिनीने तेव्हा त्याचं काही ऐकून न घेता ती फळीवर टाकली होती, उघडली नव्हती. घरी आल्यावर तिने ती खाली काढली आणि माझ्यापुढे सरकवली. "तुम्हीच उघडा."

दोन शर्ट, दाढीचं सामान, एक पंचा. एका शर्टाचं तिसरं बटण लूमच्या पिवळ्या धाग्याने लावलेलं होतं. वहिनीने ते बटण अंगठ्याने दाबून पाहिलं. "हाई मी लायेल शे," ती म्हणाली, आणि शर्ट मांडीवर घेऊन बसली. तळाशी दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद होता. समन्स. पोराने ते घर सोडतानाही बरोबर नेऊन जपलं होतं. जो पोरगा खोटं बोलून आला तो हा कागद कशाला जपेल, असं माझ्या मनात आलं. मी तो विचार झटकून टाकला, पण तो गेला नाही.

नंबर घेऊन परत गेलो तर पुढची अडचण. कारकून म्हणाला, "तुम्ही केसमधले पक्षकार नाही. साक्षीदाराची आई म्हणजे तिऱ्हाईत. तिऱ्हाईताला नकल मिळते, पण कारण द्यावं लागतं, प्रतिज्ञापत्रावर." कोर्टाबाहेर बाकावर बसणारा एक अर्जनवीस होता, त्याच्याकडून कागद करून घेतला. त्याने विचारलं, कारण काय लिहू? मी म्हटलं, लिही काहीतरी, घरगुती कामासाठी. वहिनी मध्येच बोलली. तिचं बोलणं मी त्याला गुजरातीत सांगितलं: माझा मुलगा जिवंत होता तोवर मी त्याचं ऐकून घेतलं नाही, आता मला ऐकायचं आहे.

अर्जनवीसाने पेन थांबवलं. मग त्याने तसंच्या तसं लिहिलं, एक शब्द न बदलता. खिडकीवरच्या म्हाताऱ्याने ते वाचलं, चष्मा काढला, परत लावला आणि पहिल्यांदा वर बघून म्हणाला, "बेन, बसा. साहेबांची सही मी घेऊन येतो."

अर्जात मी मागितलं होतं: साक्षीदार नंबर तीन याची जुबानी. तेवढंच. कारकून सही घेऊन आला आणि म्हणाला, "निकालाची नकल पण घ्या ना. नुसत्या जुबानीवरून काय झालं ते कळणार नाही."

"नको, नको," मी म्हणालो. "तेवढंच बास आहे."

वहिनीने विचारलं, काय म्हणतात? मला खोटं सांगायचं होतं. पण कारकून तिच्याकडेच बघत होता आणि त्याने मोडक्या हिंदीत तिला समजावलंही. वहिनी म्हणाली, "आख्खं मांगा भाऊजी. एक बी पान सोडू नका."

माझ्याच हाताने मी अर्जात वाढवलं: साक्षीदार नंबर एक ते चार यांच्या जुबान्या आणि निकाल.

त्यानंतरचे आठ दिवस मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली ऊन बाधलं. मी तिलाही काही सांगितलं नव्हतं. कोर्टातला त्या केसच्या कागदांचा बस्ता सापडू नये असं मी मारुतीला सांगत होतो. कधी वाटायचं, सापडला तरी काय, वहिनीला कुठे वाचता येतं? वाचणारा मीच. जे वाचायचं ते वाचीन, उरलेलं सोडून देईन. असा विचार करताना मला लाजही वाटत नव्हती, तेही सांगतो.

सुट्टी लागायच्या दिवशी, म्हणजे अखाजीच्या आदल्या दिवशी नकल मिळाली. एकवीस पानं, प्रत्येक पानावर गोल शिक्का. म्हाताऱ्याने ती वहिनीच्या हातात दिली, माझ्या नाही. कोर्टाच्या आवारात पिंपळाच्या पारावर आम्ही बसलो. पहिला साक्षीदार पंच, दुसरा डॉक्टर. ते मी भराभर उरकलं. मग तिसरा.

मी गुजराती वाचायचो आणि आमच्या भाषेत तिला सांगायचो. नाव सुपडू, बाप मयत, वय बावीस, धंदा लूम कारागीर. पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून हा झाल्यावर वहिनीने त्याला सुपात घालून ओढलं होतं आणि नाव सुपडू ठेवलं होतं, काळाची नजर पडू नये म्हणून. कागदावर ते नाव आलं तेव्हा तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

सरतपासणीत त्याने सगळं सांगितलं होतं. पाइप, करंट, शेठचे शब्द, विठ्ठल कसा पडला, कुणी लाकडाने त्याला सोडवलं. गणपत जॉबरने माझ्यासमोर शेठला सांगितलं की पाइपात करंट आहे. शेठ म्हणाला, दिवाळीनंतर बघू.

मग उलटतपासणी. कोर्टाच्या कागदात वकिलाचा प्रश्न वेगळा लिहीत नाहीत, तो साक्षीदाराच्या उत्तरातच येतो. मी वाचत गेलो.

ही गोष्ट खरी नाही की मी त्या दिवशी कामावर नव्हतो. ही गोष्ट खरी नाही की विठ्ठल दारू प्यालेला होता. ही गोष्ट खरी नाही की विठ्ठलने स्वतःच्या चुकीने पाइपाला हात लावला. ही गोष्ट खरी नाही की शेठला करंटबद्दल कुणी सांगितलं नव्हतं.

मी वाचायचा थांबलो. खिडकीतून मी फक्त ‘खरी नाही’ ऐकलं होतं. काय खरं नाही, ते ऐकलं नव्हतं. पोरगा एकेका खोट्याला पाय रोवून नाही म्हणत होता आणि बाहेर बसून मी त्यालाच खोटा ठरवत होतो.

"थांबनात का?" वहिनी म्हणाली. "वाचा."

ही गोष्ट खरी नाही की विठ्ठल माझ्या आईच्या माहेरगावचा म्हणून मी खोटं बोलतो. समन्स आलं तेव्हा माझ्या आईने सांगितलं, जे पाहिलं ते सांग, भिऊ नको. माझ्या आईला विचारा.

"मायले इचारा," मी आमच्या भाषेत सांगितलं. "असं बोल्ना तो."

वहिनीने माझ्या हातातल्या कागदावर, त्या ओळीवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. शेजारून वकील जात होते, रिक्षावाले ओरडत होते. मग तिने हात काढला. "परत वाचा," म्हणाली. मी परत वाचलं. चार वेळा वाचायला लावलं.

त्याखाली शेवटची एक ओळ होती. ही गोष्ट खरी नाही की गणपत जॉबर माझी बाजू घेणार नाही. गणपतकाका बाहेर बसले आहेत, ते खोटं बोलणार नाहीत, त्यांना विचारा.

हे वाक्य मला त्या दिवशी खिडकीतून ऐकू आलं नव्हतं. की आलं होतं? आता शपथेवर सांगता येत नाही. पण ही ओळ मी तिला वाचून दाखवली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग? तुम्हले इचारं का त्यासनी?"

एवढंच बोलायचं होतं की नाही विचारलं, पाळीच आली नाही. जुनंच वाक्य, तीन वर्षं तोंडात बसलेलं. पुढचं पान माझ्या मांडीवर होतं, साक्षीदार नंबर चार, आणि तिला अक्षर ओळखू येत नव्हतं. पण तो पोरगा बाहेर बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवून गेला होता. मी पान उलटलं आणि वाचलं. नाव गणपत, धंदा जॉबर. मला या घटनेची माहिती नाही. मी शेठला काही सांगितलं नव्हतं. सरकारी वकिलांच्या विनंतीवरून साक्षीदार फितूर जाहीर. मग निकालाचं शेवटचं पानही वाचलं, कारण तिने एक बी पान सोडू नका म्हटलं होतं. त्यात न्यायाधीशांनी लिहिलं होतं की साक्षीदार नंबर तीन याची जुबानी सरळ आणि विश्वासार्ह वाटते, परंतु ज्याने सूचना दिली म्हणतात तो साक्षीदार नंबर चार स्वतःच नाकारत असल्याने तिला आधार मिळत नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडण्यात येते.

मी कागद खाली ठेवले. तिने मला शिव्या द्याव्यात, पायातलं काढून मारावं, असं मला फार वाटत होतं.

"तुम्ही खोटं बोल्नात," वहिनी म्हणाली. "पन मी तुम्हले इचारं, त्याले नही इचारं. मना पोटना पोऱ्या. माय मी खरं सांगं म्हने, आनि मी भिताडकडे तोंड करीसन बठनू." मग ती रडली. कोर्टाच्या आवारात, सगळ्यांसमोर, मोठ्याने. तिच्या शेजारी बसायचीही मला हिंमत नव्हती, मी उठून उभा राहिलो.

रिक्षात ती एकदाच बोलली. "सकाय ओटावर वाचा. जठे सांगं व्हतं तठेच. रंजनाले बी बोलावसू. आनि जठे तुम्हनं नाव येई, तठे थांबानं नही."

अखाजीच्या सकाळी मी मारुतीच्या ओट्यावर उभा राहून एकवीस पानं वाचली. माझं नाव आलं तिथे थांबलो नाही. वाचून झालं. रंजना आपल्या दोन लेकरांना घेऊन घरात गेली आणि तिने कडी लावून घेतली. लोक एकेक करून पांगले. कुणी मला हात लावला नाही, हाक मारली नाही. वहिनीच्या घरात चौरंगावर घागर मांडलेली दारातून दिसत होती. घागरीवर खरबूज होतं, सांजोऱ्या होत्या आणि त्यांच्या बाजूला पिवळ्या धाग्याच्या बटणाचा शर्ट घडी करून ठेवलेला होता.

याला आता दोन वर्षं झाली. कागद अजूनही माझ्याकडे येतात, पण आता कुणी मला खरा म्हणत नाही. वहिनी माझ्याशी बोलत नाही. दर अखाजीला मी एक खरबूज घेऊन तिच्या दारात जातो आणि उभा राहतो. ती आत असते, बांगड्या वाजलेल्या ऐकू येतात, पण ती बाहेर येत नाही. सुपडू त्या दिवशी किती वेळ उभा होता, ते मी माझ्या ओसरीतून पाहिलं होतं. मी तेवढा वेळ उभा राहतो, मग खरबूज उंबऱ्यावर ठेवून परत येतो.